अकरा महिन्यांचं घर

आज मी तुमच्याशी घर सजवण्याबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात करते ती खिळ्यांपासून.

१९९९ सालची गोष्ट. पुण्यात कर्वेनगरमधली आमची पहिली भाड्याची जागा आम्ही सोडत होतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे छोटी गॅलरी. सामान टेम्पोत चढलं होतं, खोली झाडून झाली होती आणि घरमालक हातात पेन्सिल घेऊन भिंती बघत फिरत होते. जिथे खिळा काढल्याची खूण दिसेल तिथे ते गोल करत. एकूण अकरा गोल झाले. अनामत रकमेतले दोन हजार रुपये त्यांनी ‘रंगाचे’ म्हणून कापून घेतले. आमचं भाडं तेव्हा महिना अठराशे होतं. टेम्पोत बसल्यावर मी हिशेब केला, एका खिळ्याला साधारण एकशे ऐंशी रुपये पडले. आणि त्या खिळ्यांवर होतं तरी काय? दोन कॅलेंडरं, लग्नात आलेलं घड्याळ, एक भरतकामाचा तुकडा. उरलेले खिळे तर आमच्या आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले होते. पण ते सिद्ध कसं करणार?

त्यानंतरच्या सोळा वर्षांत आम्ही आणखी पाच घरं बदलली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. २०१५ साली स्वतःची लहानशी जागा झाली, पण भाड्याच्या घरांनी जे शिकवलं ते आता मुलीच्या उपयोगी पडतंय. ती नोकरीनिमित्त ठाण्याला भाड्याच्या जागेत राहते. म्हणजे हा विषय आमच्या घरातून काही गेलेला नाही.

पूर्वी बिऱ्हाडकरू आणि वाडा यांचं नातं वेगळं होतं. माझ्या आत्याचं बिऱ्हाड शनिवार पेठेतल्या एका वाड्यात चाळीस वर्षं होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं जवळजवळ गोठलेलं होतं आणि भाडेकरूला सहज काढता येत नसे. त्यामुळे आत्यानं भिंतीत खुंट्या ठोकल्या, फळ्या मारल्या, पोटमाळा करून घेतला, दर दोन वर्षांनी दिवाळीआधी चुन्यात निळीची पुडी टाकून भिंती रंगवल्या. घर तिचं नव्हतं, पण भिंती तिच्याच होत्या. पुढे मालकांनी याच कायद्याची धास्ती घेतली आणि अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचा जमाना आला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला, तेव्हापासून तर सगळीकडे हाच रिवाज आहे. आता भाडेकरू भिंतीला हात लावताना दहादा विचार करतो. मग पुष्कळ जण काहीच करत नाहीत. अकरा महिन्यांचाच तर प्रश्न आहे म्हणतात, आणि असे अकरा-अकरा महिने करत दहा वर्षं खोक्यांच्या सोबतीनं काढतात. मला याचं फार वाईट वाटतं.

पहिल्या घराच्या धड्यानंतर मी एक वही केली. मध्ये रेघ मारून दोन रकाने आखले. डावीकडे ‘बरोबर येणार’, उजवीकडे ‘इथेच राहणार’. घरासाठी काहीही घ्यायचं झालं की ते आधी कुठल्या रकान्यात पडतं ते बघायचं. पडदा, सतरंजी, दिवा, कपाट, कुंडी डावीकडे. रंग, खिळे, भिंतीतल्या फळ्या, चिकटवायचे कागद उजवीकडे. पैसे खर्च करायचे ते डावीकडे. उजवीकडे शक्यतो शून्य. एवढा एक नियम पाळला तरी थोडक्या पैशांत भाड्याचं घर सजवण्याचं निम्मं काम होतं, कारण एका घरासाठी घेतलेली वस्तू पुढच्या घरातही कामाला येते.

पण काही विकत घेण्याच्या आधी एक काम फुकटात होतं. नव्या घरात गेलात की पहिला रविवार घरात नुसते बसून काढा. सकाळी नऊला ऊन कुठवर येतं, दुपारी बाराला कुठे असतं, चारला कुठून तिरीप येते, ते बघा. आमच्या दुसऱ्या घरात शहाबादी फरशी होती. तिचा करडा रंग सगळा उजेड पिऊन टाकायचा. दिवसा दिवा लावावा लागे. खोलीत आरशाचं लोखंडी कपाट होतं, ते हमालांनी ठेवलं तसंच खिडकीलगतच्या भिंतीला उभं होतं. एका रविवारी आम्ही दोघांनी ते ढकलत ढकलत खिडकीच्या समोरच्या भिंतीला नेलं. आरशात खिडकी दिसू लागली आणि खोलीला जणू दुसरी खिडकी फुटली. खर्च काय, तर ह्यांच्या कंबरेला लावलेलं मलम.

आता रात्रीचा उजेड. आपल्याकडे बहुतेक भाड्याच्या घरांत एकच नळीचा दिवा असतो, तोही दाराच्या वर. त्याखाली सगळी माणसं आजारी दिसतात. मालकाच्या दिव्याला हात न लावता आपला एक दिवा खाली, कोपऱ्यात आणला की तीच खोली वेगळी वाटते. हल्लीच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, तो जरूर वाचा. ६५०० के लिहिलेलं असेल तर पांढरा, निळसर उजेड. २७०० किंवा ३००० के असेल तर पिवळसर, आपल्या जुन्या बल्बसारखा. अभ्यासाला, भाजी चिरायला पांढरा बरा, बसाउठायच्या कोपऱ्याला पिवळा. नऊ वॉटचा एलईडी जुन्या साठ वॉटच्या बल्बइतका उजेड देतो आणि त्याच्याइतका तापत नाही. म्हणूनच आता बुरूड आळीतली बांबूची टोपली उपडी करून तिची शेड करता येते. साठ वॉटच्या जुन्या बल्बवर हा उद्योग मी केला होता, तेव्हा टोपली काळी पडली आणि घरभर जळका वास सुटला. एलईडीचाही मागचा भाग गरम होतो, तेव्हा टोपली आणि बल्ब यांत चार बोटं अंतर असू द्या.

पडद्यांबाबत माझं मत जरा ठाम आहे. नवं कापड घेऊ नका. घरोघरी साड्या पडून असतात. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. साडेसात फुटांचे दोन तुकडे काढले तर जमिनीपर्यंत येणारे दोन पडदे होतात आणि तीन फूट कापड उरतं. त्यात एखाद-दुसरा उशीचा अभ्रा निघतो. पडद्याला चुण्या छान पडायच्या तर कापडाची रुंदी खिडकीच्या जवळजवळ दुप्पट हवी. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो, दोन तुकडे मिळून नव्वद, म्हणजे चार फुटी खिडकीला बरोबर बसतात. काठ आपोआप उभे येतात, ते वेगळे लावावे लागत नाहीत. मागून मांजरपाटाचं अस्तर मात्र लावाच, नाहीतर एका उन्हाळ्यात रंग उडतो. आणि खिडकी लहान असली तरी पडदा जमिनीपर्यंत सोडा. आखूड पडद्यानं खोली बुटकी दिसते.

दांडा लावायला भिंतीला भोक पाडायचं नाही. दोन भिंतींच्या मध्ये अडकून बसणारे स्प्रिंगचे दांडे मिळतात. चार फुटी खिडकीला, सुती कापडाला ते चालतात. त्याहून रुंद खिडकीत ते मध्ये झुकतात आणि अवेळी डोक्यात पडतात, हे अनुभवानं सांगते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिकडे येते.

२००१ साली आम्ही तिसऱ्या घरात गेलो. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या होत्या आणि सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, मिरजेचं बिऱ्हाड आवरून आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक, पानाचा डबा आणि सासूबाईंचा फोटो एवढंच आणलं. फोटो मोठा होता, शिसवी चौकट, जाड काच, तीनेक किलो तरी वजन. या घराच्या करारातच कलम होतं की भिंतींना खिळे ठोकणार नाही. पहिल्या घराचा अनुभव ताजा होता. ह्यांनी मालकांना फोन करून एका खिळ्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. नाना म्हणाले, “असू दे, राहू दे.” फोटो धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. महिन्याच्या तिथीला ते तो काढत, खुर्चीवर ठेवून हार घालत आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवत. तक्रारीचा शब्द नाही. पण दर वेळी ट्रंकेच्या कडीचा आवाज झाला की मला आत कुठेतरी टोचायचं. मी घरात पडदे शिवत होते, कुंड्या रंगवत होते, आणि ज्या माणसाचं घर सुटून आलं होतं त्याच्या एका वस्तूला जागा नव्हती.

चिकटवायचे हूक आणून पाहिले. इथे थोडं थांबून सांगते, कारण यात पुष्कळ जण फसतात. चिकटणारा हूक कशावर चिकटतो? भिंतीवर नाही, भिंतीच्या रंगावर. फरशीवर, काचेवर, लोखंडी कपाटावर तो घट्ट बसतो. प्लॅस्टिक इमल्शनवर बऱ्यापैकी बसतो. पण भाड्याच्या घरांत बहुधा चुना नाहीतर स्वस्तातलं डिस्टेंपर असतं. भिंतीवरून हात फिरवा, हाताला पांढरी पूड लागली तर समजा की हूक त्या पुडीला चिकटणार आणि पूड घेऊन खाली येणार. आमचा हूक रात्री दोन वाजता पडला, बरोबर तळहाताएवढा रंग घेऊन. नशीब, चाचणीसाठी त्याला फोटो नव्हे तर पिशवी अडकवली होती. हूक काढायची ज्यांची पट्टी ओढून सैल होते ते काढताना पट्टी भिंतीलगत सरळ खाली हळूहळू ओढायची, आपल्याकडे नाही. आपल्याकडे ओढली की रंगाचा पोपडा आलाच.

उत्तर सापडलं ते आत्याच्या वाड्यात. तिच्याकडे फोटो छताजवळ, पुढे झुकलेले असत, आपण मान वर करून बघायचे. त्या दिवशी मी गेले तेव्हा एक फोटो साफसफाईसाठी खाली काढून घडवंचीवर टेकवून ठेवला होता. आजच्या मुलांना घडवंची माहीत नसेल. गाद्या-वळकट्या रचून ठेवायचा तो लाकडी चौपाई मांडव. जमिनीवर बसून चहा पिताना आजोबा एकदम माझ्या डोळ्यांसमोर आले. तेव्हा कळलं की फोटो टांगायलाच हवा असं कोणी सांगितलंय?

मंगळवार पेठेत तेव्हा बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरायचा. तिथून साडेतीनशे रुपयांना एक घडवंची आणली. एक पाय आखूड होता. पॉलिशपेपरनं घासली, पायाखाली लाकडाची चकती लावली, जवसाचं तेल पाजलं. फोटो पुढे सरकू नये म्हणून पुढच्या कडेला एक बोटभर उंचीची पट्टी मारली, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांवर मागून जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे लावले म्हणजे भिंतीवर ओरखडा नाही. खाली गाद्या, वर फोटो. समोरच नानांची बैठक.

नाना संध्याकाळी फिरून आले. चप्पल काढून नेहमीच्या जागी बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिरजेला फार उंच होती गं. आता बरोबर समोर बसली.”

त्यात घर सजवण्याचंही एक शास्त्र होतं, ते मला नंतर उमगलं. चित्र किंवा फोटो बघणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत हवा. उभ्या माणसासाठी ही रेषा पाच फुटांच्या जरा खाली येते. पण आपल्या लहान घरांत माणसं उभी असतात कुठे? गादीवर, दिवाणावर, जमिनीवर बसलेली असतात. तेव्हा लहान खोलीत चित्रं खाली आणा. वरची भिंत मोकळी राहिली की खोली उंच वाटते, ते वेगळंच.

तेव्हापासून भिंतीवर काही लावायचं मी सोडून दिलं आणि भिंतीशी टेकवायला लागले. विटा आणि फळ्यांची मांडणी केली. लाकडाच्या वखारीत पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतात. विटांना आधी वर्तमानपत्र, त्यावर जुन्या साडीचं कापड गुंडाळायचं, म्हणजे लाल भुकटी सांडत नाही. फळी तीन फुटांहून लांब नको, मध्ये वाकते. मांडणी कंबरेच्या वर नेऊ नका, घरात रांगतं मूल असेल तर करूच नका. आजेसासूबाईंच्या हातची एक गोधडी होती, ती पांघरायला विरली होती. ती दाराच्या चौकटीवर आडव्या काठीनं सोडली. भिंतीवरच्या महागड्या चित्रापेक्षा लोक तिच्याकडेच बघत.

वारली चित्रं काढायची हौस पुष्कळांना असते आणि ती थेट भिंतीवर काढली जातात. मूळ वारली चित्रं घराच्या गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात, लग्नातला देवचौक सुवासिनी काढतात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांना जे चाललं ते आपल्याला का चालू नये? मांजरपाटावर गेरू फासा, त्यावर पांढऱ्या रंगानं काढा आणि घर सोडताना गुंडाळून न्या.

मुलीची गोष्ट सांगते आणि आटोपतं घेते. ठाण्यातली तिची इमारत नवी आहे. तिथे भिंती विटांच्या नाहीतच, सगळं काँक्रीट ओतलेलं. खिळा ठोकला तर वाकतो, ड्रिलशिवाय काही होत नाही. तिनं आधीच्या घरात एक पराक्रम करून ठेवला होता. अठराशे रुपयांचा फुलाफुलांचा चिकटणारा कागद एका भिंतीला लावला. भिंत पश्चिमेची. पावसाळ्यात ओल आली, कागद फुगला, मागे बुरशी धरली, आणि सोडताना तो ओढला तर रंगासकट आला. अनामत कापली गेलीच. या वेळी तिनं मला आधी फोन केला. मी म्हटलं, पाच हजार ठरव आणि वही कर.

तिचा हिशेब तिच्या परवानगीनं सांगते. स्प्रिंगचे दोन दांडे आठशे. साड्या माझ्या, शिलाई आणि अस्तर साडेसहाशे. सतरंजी नऊशे. दोन दिवे, होल्डर, वायर आणि टोपल्या मिळून सहाशे. इमारतीतलंच एक कुटुंब जागा सोडून चाललं होतं, त्यांचं टेबल बाराशेला. मांजरपाट, गेरू, रंग, काठ्या साडेतीनशे. झाले साडेचार हजार. उरलेल्या पाचशेंचं काय केलं ते मी विचारलं नाही.

एक काम मात्र मी तिच्याकडून सामान लावायच्या आधी करून घेतलं. रिकाम्या घराच्या प्रत्येक भिंतीचे, फरशीचे, नळांचे, असलेल्या खिळ्यांचे फोटो काढायला लावले आणि त्याच दिवशी मालकांना पाठवायला सांगितले. मोबाइलवर तारीख राहते. आमच्या वेळी हे असतं तर त्या अकरातले सात खिळे मी सहज नाकारले असते. पंखे, दिवे, कपाटं यांची यादी करारालाच जोडून घ्या. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. रंग लावायची, एखादा खिळा मारायची परवानगी मिळाली असेल तर तीही लिहून घ्या. तोंडी परवानगी घर सोडायच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

नाना २०११ साली गेले. आता आमच्या घरात भिंती आमच्या आहेत, हवे तितके खिळे ठोकता येतात. त्यांचा आणि सासूबाईंचा फोटो शेजारी शेजारी, बसल्यावर दिसतील असे लावलेत. घडवंची रिकामी झाली म्हणून गेल्या वर्षी मुलगी ती ठाण्याला घेऊन गेली. टेम्पोवाला म्हणाला, हे जुनं लाकूड कशाला नेताय, तिकडे नवं मिळेल. मुलीनं त्याच्याकडे लक्ष न देता ती सतरंजीत गुंडाळली आणि सगळ्यात शेवटी, वरच्या बाजूला चढवायला लावली. रात्री तिचा फोन आला. आखूड पायाखालची चकती वाटेत कुठेतरी पडली होती, आणि तिथे लाकडाचा तुकडा कुठे मिळेल, असं ती विचारत होती.